हाताचा फोटो

"तोंड नको म्हणता ना मालनताई? बरं, तोंड राहू द्या. मला तुमचे नुसते हात द्या," शलाका म्हणाली आणि माझ्या मांडीवरच्या गोधडीवर मोबाइल रोखून फरशीवर गुडघे टेकून बसली.

मी सुई थांबवली. "हाताचं काय करायचं, म्याडम?"

"अहो, गिऱ्हाईक ही गोधडी अंगावर घेईल ना, तेव्हा त्याला वाटलं पाहिजे की शिवणाऱ्या बाईचा हात आपल्या पाठीवरून फिरतोय."

"मग माझे बी घ्या की," पलीकडून आनसाबाई ओरडली. "घरी भाकऱ्या बडवून आलेय, पीठ लागलंय ते बी दिसू द्या गिऱ्हाइकाला!"

सगळ्या खिदळल्या. मीपण हसले. माझ्या जिवाला घोर होता तो तोंडाचा. तोंड वाचलं यातच मी खूश. दोरा अडकू नये म्हणून बांगड्या कोपरापर्यंत मागं सारल्या होत्या, त्या तशाच ठेवून मी धावदोरा घालत राहिले आणि तिनं फोटो काढला.

कोल्हापूरच्या पश्चिमेला डोंगरात केळेवाडी म्हणून गाव आहे. तिथं शाळेच्या मागं नलूताईंचं गोधडी केंद्र होतं. मी तिथं मालन म्हणून राहत होते. हे माझं नाव नव्हे. नलूताई सोडल्या तर हे कुणाला माहीत नव्हतं, आणि त्यांनाही मी अर्धंच सांगितलं होतं.

पुरतं आता सांगते. मी परांड्याकडची. नवरा अंकुश, वडापची, म्हणजे भाड्यानं माणसं भरून न्यायची जीप चालवायचा. मारायचा. नवरे मारतातच, असं मला सगळ्यांनी सांगितलं, आईनंसुद्धा. एका दिवशी त्यानं रॉकेल ओतलं. शेजारीण धावून आली म्हणून मनगटावर निभावलं. दवाखान्यात खाटेपाशी बसून त्यानं माझ्या कपाळावरचे केस सारखे केले आणि हळूच म्हणाला, "या बारीला हातावर भागलं, बेबे. पुढच्या बारीला जिथं असशील तिथं येऊन पुरतं करीन." हा माणूस जेव्हा ओरडायचा तेव्हा मला भीती वाटायची नाही. तो हळू बोलायला लागला की मी घाबरायची, कारण हळू बोललेलं तो करायचा. हात बरा झाला आणि मी पळाले. तेव्हापासून दारात जीप थांबली की मी आधी मागचं दार कुठं आहे ते बघायची.

शलाका पुण्याची. नलूताईंच्या मैत्रिणीची मुलगी, कॉम्प्युटरमधली. झालं होतं असं की शहरात कुणी तरी मशिनवर शिवलेल्या गोधड्या हातशिलाईच्या म्हणून खपवत होतं. आमच्या बायका बोटं टोचून घेणार आणि नाव दुसराच खाणार. यावर उपाय म्हणून नलूताईंनी तिला बोलावलं. ती कोल्हापूरला आत्याकडं उतरायची आणि सकाळच्या एसटीनं आमच्याकडं यायची. प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्याला ठिपक्याठिपक्यांच्या चौकोनाचं एक कापड शिवायचं, गिऱ्हाइकानं त्याच्यावर मोबाइल धरायचा, की कुणी शिवली, कशापासून शिवली, कुठं शिवली, सगळं पान उघडणार.

"आणि ही नोंद एका कपाटात नसते," ती सांगायची. "हजारो कॉम्प्युटरांवर एकाच वेळी असते. याला ब्लॉकचेन म्हणतात. एकाने खोडली तरी बाकीच्यांकडे तशीच. म्हणून यात खोटं घुसवता येत नाही."

"आन हे समदं तुमी बनवलं?" मी विचारलं.

"छे हो! मी तयार ठोकळे आणते. ओळखीचा ठोकळा एकाने बनवलाय, जागेचा दुसऱ्याने, मालकीचा तिसऱ्याने. आपल्याला हवे ते निवडायचे आणि एकाला एक जोडायचे. झालं ॲप तयार."

"म्हंजे तुमची बी वाकळच की वो!"

ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. गुणी पोर. चपला काढून आमच्यात मांडी घालून बसायची, आनसाबाईच्या डब्यातला खर्डा खाऊन हाशहुश करायची. तिच्यावर राग धरावा असं तिनं कधी काही केलं नाही, हे मी आधीच सांगून ठेवते.

मग पहिला माल पुण्याच्या प्रदर्शनाला गेला, सगळा खपला, आणि एके सकाळी शलाका पेढ्यांचा पुडा घेऊन आली.

"मालनताई, सगळ्यात जास्त कोण गाजलं माहितेय? तुम्ही! बघा."

तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. पडदाभर माझा हात. सुई धरलेला, उन्हातला. मनगटाच्या आतल्या बाजूला आईनं लहानपणी जत्रेत गोंदून घेतलेलं तुळशीवृंदावन, आणि त्याचा अर्धा भाग गिळून कोपराकडं गेलेला भाजल्याचा लाल, चकचकीत पट्टा.

"गोंदण किती सुंदर आलंय ना?" ती म्हणाली.

पेढा माझ्या हातातून खाली पडला. बाई बाई बाई, मी काय करून बसले! तोंड झाकलं आणि हात उघडा टाकला. तोंड एक वेळ तो विसरला असता. हा हात तो कसा विसरेल? त्यानंच तर केलेला.

"काढा हे," मी म्हटलं.

"आवडला नाही का?"

"काढून टाका म्हणते ना! आत्ताच्या आत्ता!"

मी किंचाळले असणार, कारण बायकांच्या सुया थांबल्या. नलूताई उठल्या, आमच्या दोघींच्या दंडाला धरून त्यांनी आम्हाला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. तिथं जुन्या लुगड्यांची गाठोडी रचलेली असायची. एका गाठोड्यावर बसून मी सगळं सांगितलं, रॉकेलपासून. शलाका उभीच होती, तिचा चेहरा पांढरा पडत गेला.

"आता पुसा ते," मी म्हटलं.

"मालनताई..." ती म्हणाली आणि नलूताईंकडं बघायला लागली.

"अगं, बोल की," नलूताई म्हणाल्या.

"पुसता येत नाही." तिचा आवाज कसाबसा आला. "आपल्या पानावरून मी लपवू शकते. पण मूळ नोंद तशीच राहते, कुणीही उघडून बघू शकतं. त्या ठोकळ्यात पुसायची सोयच नाही. त्यासाठीच तर तो घेतला होता. आणि फोटो एका बाईने पानाच्या लिंकसकट पुढे पाठवलाय. लोकांना आवडला. तो फिरतोय."

"फिरतोय म्हंजे?"

"व्हॉट्सॲपवर. सगळीकडे."

जीप चालवणाऱ्या माणसाचा मोबाइल म्हणजे काय असतं ते मला माहीत होतं. स्टँडवर गाडी भरेपर्यंत दिवसभर तेच. आलेलं बघायचं आणि पुढं ढकलायचं.

नलूताईंना सुचलं ते मला सुचलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "शलाका, पानावर जागा दिसते ना गं? कुठली दिसते?"

शलाकानं घाईनं बोटं फिरवली. आमच्या खोलीत रेंजचा खेळच, फोन खिडकीच्या चौकटीत ठेवला तरच काही जमायचं. तिनं तो तिथं ठेवला आणि वाकून बघितलं. नकाशा आला. त्यात लाल टिपका. ती बघतच राहिली.

"हे केळेवाडी नाही. हे कोल्हापूर आहे." मग तिनं तोंडावर हात ठेवला. "हे आत्याचं घर आहे! इथे रेंज नसते म्हणून मी फोटो संध्याकाळी आत्याकडून चढवायचे. मला वाटलं, फोटो काढला तिथली जागा घेईल. त्याने चढवला तिथली घेतली. मी तपासलंच नाही हो."

माझ्या अंगातला जीव परत आला. मी गाठोड्यावर मागं रेलले आणि चक्क हसले. "तुझ्या चुकीच्या तोंडात साखर पडू दे, पोरी," म्हणाले. तो आलाच तर कोल्हापुरात येणार, मोठ्या शहरात घरं धुंडाळणार आणि हात हलवत परत जाणार. मी इथं डोंगरात. सुटले! नलूताईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तेवढ्यात खिडकीतला फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, 'आत्या'.

शलाकानं बटण दाबलं. फोन खिडकीतून हलवला तर तुटायचा, म्हणून तिनं स्पीकर लावला, सगळं मोठ्यानं ऐकू येत होतं.

"शलू, अगं, एक गृहस्थ आलेत," आत्यांचा आवाज आला. अडखळत बोलणारा, म्हाताऱ्या माणसाचा. "लांबून आलेत बिचारे. बायको हरवलीय त्यांची. आपल्या गोधडीचा फोटो आहे त्यांच्याकडे. म्हणतात, ती इथेच असते. मी म्हटलं, अहो इथे मी एकटीच असते. तर बसलेत. चहा टाकलाय मी."

आम्ही तिघी एकमेकींकडं बघत राहिलो. आणि मग लांबून, त्याच घरातून, दुसरा आवाज आला. हळू. गोड.

"आई, काडेपेटी हाय का वं?"

"गॅसपाशी आहे बघा," आत्या म्हणाल्या.

मी तोंडात पदर कोंबला. तो आवाज ऐकला आणि माझं सगळं अंग त्या दवाखान्यातल्या खाटेवर जाऊन पडलं. विडी ओढतो तो, काडेपेटी विडीला मागितली असेल. असेलही. पण मला त्याची काडी ओढायची पद्धत माहीत आहे. पेटवून धरून ठेवायचा, बोटापर्यंत येईस्तोवर, आणि समोरच्याकडं बघत राहायचा.

नलूताई आपला फोन घेऊन बाहेर पळाल्या, पोलिसांना लावायला. इकडं शलाका खिडकीला तोंड लावून बोलत होती, "आत्या, तू शेजारी जा. आत्ता. मोहितेकाकूंकडे जा."

"अगं ते सगळे लग्नाला गेलेत सांगलीला. का गं?"

"मग रस्त्यावर जा!"

"गॅसवर दूध आहे शलू—"

काही तरी खरखरलं. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"नमस्कार ताई," अंकुश म्हणाला. "त्या हातवाल्या बाईचा पत्ता द्या. मी लगी निघतो. आई लई चांगल्या हायत."

शलाकानं डोळे मिटले. "मला माहीत नाही."

"न्हाई का? बरं मग." तो हळूच म्हणाला. "असं करतो, आईंना गाडीत घेतो. फिरतो जरा गावागावांनी. त्यांची ओळखीची माणसं असतील, कुणी तरी सांगंल. दार लावून घेतलंय मी. वारं लई हाय इथं."

नलूताई परत आल्या होत्या. त्यांनी मान हलवली. तक्रार काय म्हणून विचारत होते पोलीस. घरात बसून चहा पितोय म्हटल्यावर लिहून काय घेणार? बघतो, पाठवतो कुणाला तरी, म्हणाले.

मला काही झालं नव्हतं, हे लक्षात घ्या. मी डोंगरात होते. माझा पत्ता जगात कुणाला माहीत नव्हता. गप्प बसले असते, तर वाचले होते. आणि तिकडं एक म्हातारी बंद दाराआड त्याला चहा करून देत होती. मी कधी तिचं तोंडही बघितलं नव्हतं. मला खोटं सांगायचं नाही, एक क्षण मनात आलं, बसावं गप्प. मग मी उठले. शलाकानं माझा हात धरला, जोरजोरानं मान हलवली. मी तिचा हात सोडवला आणि खिडकीशी गेले.

"मी बोलतेय," म्हणाले.

पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला.

"बेबे?"

दोनेक वर्षांत मला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. मी चौकट धरली.

"त्या आईंना हात लावायचा न्हाई. आधी दार उघड, त्यांना रस्त्यावर जाऊ दे. फोन त्यांच्याजवळ दे. त्या बाहेरनं माझ्याशी बोलल्या की मी सांगते कुठं हाय ते. न्हाईतर ही चालले यष्टीत बसून. परत जल्मात सापडायची न्हाई."

"आरंतुरं करायला लागलीस की गं," तो हसून म्हणाला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. लग्न झाल्यापासून मी त्याला 'अहो'शिवाय बोलले नव्हते.

"उघडतोस का जाऊ?"

कडी वाजली. बराच वेळ नुसती पावलं ऐकू आली. मग गाड्यांचे आवाज, आणि आत्या म्हणाल्या, "शलू, मी रस्त्यावर आलेय बाई. का आलेय ते मला कळत नाही."

"आई, फोन त्यांना द्या आन तुमी तिथंच दुकानात माणसांत जाऊन बसा," मी म्हटलं. त्याला मी खरा पत्ता सांगितला. केळेवाडी, पूल ओलांडला की शाळा, शाळेमागं केंद्र. खोटा सांगितला असता तर तो त्याच दारात परत आला असता.

थोड्या वेळानं आत्यांचा परत फोन आला. फोन माझ्या हातात परत देऊन गेले ते, म्हणाल्या, चहा अर्धाच प्यायले.

"चला, पळा," शलाका रडत म्हणाली. "मी तुम्हाला पुण्याला नेते. माझ्या घरी. त्याला यायला दीड तास तरी लागेल."

नलूताईंनी तर माझी पिशवीच भरायला घेतली होती. मी मात्र खाली बसले ते बसलेच. पाय उचलेनात. पुण्याला जाऊन काय होणार होतं? हा हात तिथंही येणारच होता. हात काही मी तोडून ठेवू शकत नव्हते. जिथं जाईन तिथं कुणी तरी म्हणणार, अगं बाई, फोटोतल्या त्याच का तुम्ही? आणि भीतीनंच मला एक विचारायला लावलं.

"शलाका, काढता येत न्हाई म्हणतीस. जोडता येतं का?"

"काय जोडायचं?"

"त्या फोटोखाली आणखी एक ठोकळा."

ती डोळे पुसत माझ्याकडं बघायला लागली. "येतो. एक मनोगताचा ठोकळा आहे, शिवणारीने स्वतःच्या शब्दांत लिहायचा. मी वापरलाच नव्हता. जुन्या नोंदीला लावता येतो."

"मग लाव. मी सांगते ते लिही."

तिनं लिहिलं. मी थांबत थांबत सांगितलं. 'माझं नाव बेबी सोपान ढगे. मी केळेवाडीत गोधड्या शिवते. ह्या हातावर तुळशीवृंदावन होतं. ते माझा नवरा अंकुश नामदेव शेळवणे, राहणार लोणारवाडी, तालुका परांडा, यानं रॉकेल टाकून जाळलं. त्यानं सांगितलंय की सापडशील तिथं पुरतं करीन. आज तो माझ्याकडं यायला निघालाय. उद्या मी नसले, तर कुणी केलं हे विचारत बसू नका.'

"मालनताई, नीट विचार करा," शलाका म्हणाली. "एकदा गेलं की तुमचं खरं नाव, हे गाव, सगळं जगासमोर. मी, नलूताई, कुणीच मागे घेऊ शकणार नाही."

"त्यो बी न्हाई ना?"

"तोही नाही."

"मग कर."

खिडकीतल्या रेंजवर फोन कसाबसा लागायचा, पण ही नोंद काही जाईना. नुसतं गोल गोल फिरायचं. रेंज होती ती वर बिरोबाच्या माळावर. आम्ही दोघी निघालो. भर दुपार, पायवाट सगळी मुरमाड. शलाका घसरत, धापा टाकत, मोबाइल छातीशी धरून. मी सारखी मागं बघायची. मला प्रत्येक झाडाआड पांढरी जीप दिसत होती.

माळावर पोचलो. शलाकानं फोन वर धरला. गोल फिरायला लागलं. आणि खाली, पार खाली, पुलाच्या पलीकडं धुरळा उठला.

"आला," मी म्हटलं.

"ताई, इथेच लपू या. खाली नको जाऊ या."

"झालं का ते?"

"फिरतंय अजून."

जीप पुलावर आली. वरून ती काडेपेटीएवढी दिसत होती. लघवीला लागली, सांगायला लाज वाटत नाही. तिकडं केंद्रात नलूताई होत्या, आनसाबाई होती, बाकीच्या बायका होत्या. मी लपले तर तो त्यांच्यात जाणार.

"गेलं!" शलाका ओरडली. "गेलं, ताई. लागलं!"

आम्ही उतरलो तेव्हा तो अंगणात उभा होता. धुतलेला शर्ट, केस नीट विंचरलेले. नलूताईंना हात जोडून म्हणत होता, "आई, माझी बायको न्यायला आलोय." बायका ओट्यावर उभ्या होत्या, कुणाच्या हातात कात्री, कुणाच्या सुई तशीच. जीपच्या मागच्या सीटवर कॅन होता. डिझेलचा कॅन प्रत्येक ड्रायव्हरकडं असतो. तरी माझी नजर हलेना तिथून.

"चल बेबे," तो मला बघून म्हणाला. हळूच. "घरी जाऊ."

मी शलाकाला खूण केली. तिनं फोन त्याच्यासमोर धरला. माळावरून आणलेलं पान तसंच उघडं होतं. आधी हात दिसला, त्याला तो गालात हसला. मग खालचं वाचायला लागला. तो ओठ हलवत वाचायचा. ओठ हलत हलत त्याच्या नावापाशी आले आणि थांबले.

"हे कुणी लिवलं?"

"मी," मी म्हटलं.

"पूस."

तो शलाकाकडं वळला. "ए पोरी. पूस ते."

"मला नाही पुसता येत," ती म्हणाली. "कुणालाच नाही येत."

त्यानं तिच्या हातातून फोन हिसकावला आणि पायरीच्या दगडावर आपटला. काच उडाली. त्यानं वर टाच दिली, पुन्हा दिली.

"झालं. पुसलं."

"तो फोन होता फक्त," शलाका म्हणाली. रडत होती, पण म्हणाली.

तो त्या तुकड्यांकडं बघत राहिला. हात खिशात गेला. खिशात काडेपेटी वाजली, मी ऐकली. नलूताई चालत येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला. आता तो काय करणार ते मला खरंच माहीत नव्हतं. मी डोळे मिटणार होते, पण मिटले तर दिसणार नाही या भीतीनं तसेच ठेवले.

"किती जणांनी बघितलं?" त्यानं विचारलं. आवाज हळू नव्हता आता. चिरकला होता.

"हात जितक्यांनी बघितला तितके बघतील," मी म्हटलं.

"माझ्या बहिणीचं जमलंय गं," तो म्हणाला. "पाव्हणे बघतील हे. स्टँडवरची पोरं बघतील."

माझ्या उभ्या जन्मात मी त्याला घाबरलेला बघितला नव्हता. तो मला घाबरला नव्हता, पोलिसाला तर नाहीच. लोकांना घाबरला. मी जळत होते तेव्हा त्याला एका शेजारणीशिवाय कुणी बघितलं नव्हतं, एवढाच काय तो फरक. तो मागं मागं सरकत जीपपाशी गेला. दार दोनदा आपटूनही लागेना. मग जीप वळली, धुरळा उडवत पुलाकडं गेली, आणि मी अंगणातच मटकन बसले आणि ओकले.

हवालदार आला तो सगळं उरकल्यावर. फोन फोडल्याचं त्यानं व्यवस्थित लिहून घेतलं. माझ्याबद्दल काय लिहावं ते काही त्याला सुचेना. शेवटी नलूताईंनी पुढं बसून, शब्द सांगून त्याच्याकडून लिहून घेतलं.

त्यानंतर मी झोपले म्हणाल तर नाही. दाराला खाटेचा टेकू लावून पडायची. तो परत येणार, हेच डोक्यात. आता तर त्याला घरही माहीत, वाटही माहीत. शलाका आत्यांना घेऊन पुण्याला गेली होती, रोज फोन करायची आणि रोज माफी मागायची. मी सांगायची, बाई, पुरे आता, जेवलीस का ते सांग. पानावर केंद्राचा नंबर होता, त्यावर लोकांचे फोन यायचे. कुणी धीर द्यायचं, कुणी शिव्या. नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडली म्हणून. मी घाबरत घाबरतच उचलायची.

असाच एकदा फोन आला. नलूताई कापड बेतत होत्या म्हणून मी खिडकीत जाऊन घेतला. पलीकडं कुणी बोलेना. नुसता श्वास. मला वाटलं तोच. ठेवणार, तेवढ्यात बाईचा आवाज आला, अगदी दबका.

"त्या हातवाल्या बाई हायत का?"

"मीच."

"मी लोणारवाडीहून बोलतेय. शेळवण्यांच्या घरातनं." ती थांबली, कानोसा घेतला असावा. "त्यो गाडी भरायला गेलाय. मला करून आणून वरीस झालं. पहिली मेली म्हणून सांगितलंय माझ्या बापाला."

मी त्याच्यापासून पळाले तेव्हा मला वाटलं होतं, पळाले म्हणजे संपलं. ती जागा रिकामी राहणार नाही, हे माझ्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

"कुठं?" मी विचारलं. "हातावर?"

"पाठीवर," ती म्हणाली. मग घाईघाईनं, "तिकडं यायला यष्टी कुठली वो?"

मी तिला सांगितली. आधी परांड्याला ये, तिथनं बार्शी, सोलापूर, मग कोल्हापूर. कोल्हापुरात केळेवाडीची गाडी कुठं लागते ते. कुणाला विचारायचं आणि कुणाला नाही. अंगावरच्या कपड्यानिशी निघ, पिशवी दिसली की माणसं विचारतात. पुलापाशी उतर, मी उभी असते. तिनं सगळं माझ्यामागून म्हणून दाखवलं, शाळेतल्या पोरीसारखं, आणि फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून पुलावर होते. प्रत्येक गाडीला उठून उभी राहायची. त्यानं पकडली असेल. तिच्याऐवजी तोच उतरला तर? आनसाबाई भाकरी घेऊन आली, ती तशीच फडक्यात राहिली. दिवस मावळतीला एक गाडी थांबली आणि तिच्यातून एक पोरगी उतरली. विशीचीसुद्धा नसेल. पदर पाठीवरून घट्ट ओढलेला, पायात दोन वेगवेगळ्या चपला. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, मग लगेच वळून रस्त्याकडं. गाडी गेली तरी ती तिकडंच बघत उभी.

"मागं कुणी न्हाई ना?" तिनं विचारलं.

मी तिचा दंड धरला आणि तिला माझ्या पुढं घातली.

"तू चाल," म्हटलं, "मागं मी बघते."